मुंबईच्या घरात फायटर माशासाठी वनस्पतींची छोटी टाकी: मांडणीपासून देखभालीपर्यंत

मुंबईच्या दुकानांत ‘फायटर’ या नावाने मिळणारा बेटा मासा मूळचा थायलंड आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातला आहे. थायलंडने २०१९ मध्ये त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. तिथे तो भाताच्या खाचरांत, दलदलीत आणि गवताने भरलेल्या उथळ ओहोळांत राहतो. अशा ठिकाणी पाणी कोमट आणि संथ असते व त्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. त्यामुळे या माशाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, लॅबिरिन्थ नावाचा एक अवयव विकसित झालेला आहे. त्याच्या साहाय्याने तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेतो. दुकानदार त्याला प्लास्टिकच्या पेल्यात ठेवू शकतात ते याच क्षमतेमुळे, आणि घरोघरी तो काचेच्या गोल भांड्यात ठेवला जातो तोही याच कारणाने. मात्र तो अशा भांड्यात तग धरतो, एवढ्यावरून ते त्याला मानवते असे म्हणता येत नाही. भांड्यातल्या दोन-तीन लिटर पाण्यात त्याच्याच कल्ल्यांतून आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया एक-दोन दिवसांत साचतो आणि कल्ले, त्वचा व पर यांना इजा करू लागतो.

या लेखातील प्रत्येक निर्णय, मग तो टाकीच्या आकाराचा असो, फिल्टरचा असो की वनस्पतींचा, माशाच्या या मूळ सवयींवरून घेतलेला आहे. त्यातही एक क्रम कटाक्षाने पाळावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे: आधी टाकी, मग माती आणि वनस्पती, मग पाणी स्थिरावण्यासाठी साधारण एक महिना, आणि सर्वांत शेवटी मासा. टाकी आणि मासा एकाच दिवशी, एकाच फेरीत घरी आणणे हे या माशांच्या अकाली मृत्यूचे मोठे कारण आहे.

टाकीचा आकार आणि जागा

बेटा वारंवार वर येऊन हवा घेतो आणि त्याचे लांब पर त्याला जड होतात. त्यामुळे उंच टाकीपेक्षा लांब व उथळ टाकी त्याला सोयीची असते. दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच ही टाकी मी सर्वांत योग्य मानतो. तिची एकूण क्षमता सुमारे ४२ लिटर असली, तरी पाच सेंटिमीटर मातीचा थर आणि वर चार सेंटिमीटर मोकळी जागा वजा केल्यावर प्रत्यक्षात २८ लिटरच्या आसपास पाणी राहते. जागा फारच कमी असेल तर एक फूट लांबी, रुंदी आणि उंचीची टाकी चालते. तिच्यात सुमारे १९ लिटर पाणी बसते. त्याहून लहान टाकी घेऊ नये, कारण पाणी जितके कमी तितके त्याचे तापमान आणि शुद्धता लवकर बिघडते, आणि नवख्या माणसाला ते सावरणे अवघड जाते.

भरलेल्या दीड फुटी टाकीचे वजन काच, माती, दगड आणि पाणी धरून ५० किलोच्या घरात जाते. त्यामुळे चपलांच्या रॅकवर, प्लास्टिकच्या स्टुलावर किंवा भिंतीला ठोकलेल्या फळीवर ती ठेवू नये. भक्कम टेबल किंवा ओट्यासारखी पक्की जागा निवडावी, ती समतल आहे ना हे पाणपातळीच्या नळीने पाहावे आणि टाकीखाली थर्माकोलचा किंवा फोमचा पातळ पत्रा घालावा, म्हणजे तळकाचेवर एकाच ठिकाणी ताण येत नाही. थेट ऊन येणारी खिडकी टाळावी. विशेषतः पश्चिमेकडच्या खिडकीत मे महिन्यात पाणी तापते आणि काचेवर शेवाळ धरते. विजेचे बोर्ड टाकीपेक्षा उंचावर असावे. ते शक्य नसेल तर प्रत्येक वायरीला बोर्डच्या खाली झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न पोहोचता झोलाच्या तळाशी टपकते.

झाकण अनिवार्य आहे. बेटा उडी मारतो आणि रात्री टाकीबाहेर पडलेला मासा सकाळपर्यंत वाचत नाही. शिवाय पाणी आणि झाकण यांच्यामधल्या जागेत दमट, कोमट हवा राहते आणि श्वासासाठी तीच हवा त्याला लागते. एअर कंडिशनर लावलेल्या खोलीत ही गोष्ट अधिक महत्त्वाची ठरते.

खरेदी

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, आणि कुर्ल्याचा मासळीघरांचा बाजार ही या सामानाची जुनी ठिकाणे आहेत. उपनगरांतही आता बरीच दुकाने आहेत. पहिल्या फेरीत टाकी, झाकण, एलईडी दिवा, एअर पंप, स्पंज फिल्टर, पंपाची नळी, हवा कमी-जास्त करायची चावी, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, थर्मामीटर, अँटी-क्लोरीनची बाटली, सायफन (पाणी ओढून काढायची नळी) आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व पीएच मोजणारे द्रवरूप टेस्ट किट एवढे आणावे. टेस्ट किट महाग वाटते, म्हणून बहुतेक जण ते वगळतात. माझ्या मते शोभेच्या वस्तूंवरचा खर्च कमी करावा, पण किट घ्यावेच, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही आणि स्वच्छ दिसणारे पाणीही विषारी असू शकते.

फिल्टर स्पंजचाच घ्यावा. टाकीच्या काठावर टांगण्याच्या फिल्टरचा प्रवाह बहुधा जोरदार असतो आणि लांब परांचा मासा त्यात सतत पाण्याशी झुंजत राहतो. स्पंज फिल्टरमध्ये हवेच्या बुडबुड्यांमुळे पाणी सावकाश स्पंजातून ओढले जाते आणि स्पंजाच्या छिद्रांत उपयुक्त जिवाणूंची वसाहत होते. चावी लावून बुडबुडे इतके कमी करावेत की पृष्ठभाग हलका थरथरेल, पण तरंगती पाने एका कोपऱ्यात ढकलली जाणार नाहीत. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह विसरू नये. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल आणि वीज गेली, तर टाकीतले पाणी नळीतून उलट पंपात आणि तिथून जमिनीवर येते. हा व्हॉल्व्ह ते रोखतो.

आपल्या नळाचे पाणी

मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांसारख्या जलाशयांतून पाणी येते आणि भांडुप व पांजरापूर येथे शुद्ध करून, क्लोरीन घालून ते शहराला पुरवले जाते. पावसाचे साठवलेले पाणी असल्यामुळे ते मृदू असते, आणि हे बेटाच्या दृष्टीने भाग्याचेच म्हणायला हवे, कारण त्याला मृदू आणि ६.५ ते ७.५ पीएचचे पाणी मानवते. अडचण क्लोरीनची आहे. क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतो. त्यामुळे टाकीत जाणाऱ्या प्रत्येक बादलीत बाटलीवर दिलेल्या प्रमाणात अँटी-क्लोरीन घालावे. पाणी चोवीस तास उघडे ठेवून क्लोरीन उडवण्याची पद्धत जुनी आहे, पण मुंबईत मी ती सुचवत नाही. उघड्या बादलीत एडिस डास अंडी घालतो आणि डेंग्यूच्या काळात ते घरालाच नव्हे, साऱ्या इमारतीला धोक्याचे असते.

आपल्या इमारतीत कोणते पाणी येते याची चौकशी मात्र अवश्य करावी. अनेक सोसायट्या पालिकेच्या पाण्यात टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी मिसळतात. ते कठीण असते आणि समुद्राजवळच्या भागांत खारटही असू शकते. सोसायटीची टाकी धुण्याची सूचना लागली असेल तर त्या आठवड्यात माशाचे पाणी बदलू नये, कारण धुताना ब्लीचिंग पावडर वापरली जाते आणि पुढचे काही दिवस नळाला नेहमीपेक्षा अधिक क्लोरीन येते. आरओ यंत्राचे पाणी शुद्ध म्हणून थेट वापरण्याचा मोह होतो. त्यातली खनिजे जवळजवळ निघून गेलेली असतात, त्यामुळे ते एकटे वापरल्यास पीएच अस्थिर होतो. मासा आणि वनस्पती दोघांनाही थोडी खनिजे लागतात.

माती, दगड, लाकूड आणि बदामाचे पान

वनस्पतींसाठी तळाशी दोन पर्याय आहेत. पहिला पर्याय अ‍ॅक्वासॉइल नावाच्या भाजलेल्या, पोषक दाण्यांचा. त्यात वनस्पती जोमाने वाढतात, पण पहिले काही आठवडे त्यातून अमोनिया पाझरतो. दुसरा पर्याय बारीक, धुतलेल्या नदीच्या वाळूचा किंवा गोल कडांच्या बारीक खड्यांचा. त्यात स्वतःचे पोषण नसल्यामुळे मुळांशी खताच्या गोळ्या, म्हणजे रूट टॅब, खुपसाव्या लागतात. पहिल्यांदाच टाकी लावणाऱ्याने वाळू घ्यावी असे मला वाटते. ती स्वस्त पडते, तिच्यामुळे पाण्यात अनपेक्षित बदल होत नाहीत आणि पुढे वर्षानुवर्षे ती टिकते. वाळू बादलीत घेऊन, वरून येणारे पाणी निवळेपर्यंत धुवावी आणि पुढे चार, मागे सहा सेंटिमीटर असा उतार देऊन पसरावी. चौपाटीवरची वाळू कधीही आणू नये. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो चुरा विरघळून पाणी कठीण करत राहतो.

दगड निवडताना त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकून पाहावा. फेस आला तर तो चुनखडीयुक्त आहे, तो टाकीत घालू नये. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट या परीक्षेत बहुधा उतरतो आणि हिरव्या पानांमागे सुंदर दिसतो. मात्र बांधकामाच्या खडीला धारदार कडा असतात, म्हणून ओढ्यातला घासून गुळगुळीत झालेला गोटाच घ्यावा. दगड असो वा लाकूड, त्यावरून जुन्या शिफॉनच्या ओढणीचे टोक हलक्या हाताने फिरवावे. जिथे कापड अडकेल तिथे बेटाचा परही फाटेल, असे समजून ती कड घासून काढावी किंवा वाळूत गाडावी. याच कारणाने प्लास्टिकची झाडे टाकीत नकोतच.

ड्रिफ्टवुड, म्हणजे पाण्यात झिजलेले लाकूड, तासभर उकळून, मग काही दिवस पाण्यात बुडवून ठेवावे, म्हणजे ते तळाशी बसते आणि त्यातून येणारा गडद चहासारखा रंग कमी होतो. तो रंग थोडा राहिला तरी माशाला काहीच अपाय नाही. उलट तो बेटाच्या मूळ पाण्याच्या जवळ जाणारा आहे. तोच रंग आणि तो देणारे टॅनिन हे द्रव्य आपल्याला देशी बदामाच्या पानांतून फुकट मिळतात. हा मजल्यामजल्याच्या फांद्यांचा वृक्ष मुंबईत रस्त्याकडेला, शाळांच्या आणि सोसायट्यांच्या आवारांत सर्वत्र आहे. त्याची पाने गळण्याआधी तांबडी होतात आणि हिवाळा संपता संपता त्यांचा खाली सडा पडतो. झाडावरून हिरवे किंवा लाल पान तोडू नये. आपोआप गळून पूर्ण तपकिरी, कडकडीत वाळलेले पान घ्यावे, तेही रहदारीपासून दूरच्या आणि औषधफवारणी न झालेल्या झाडाखालचे. ते घासून धुवावे, त्यावर उकळते पाणी ओतावे आणि थंड झाल्यावर टाकीत सोडावे. एक-दोन दिवस ते तरंगते, मग तळाशी जाते. अशा टाकीला एक मध्यम पान पुरते. तीन-चार आठवड्यांत त्याची केवळ जाळी उरते, तेव्हा ते बदलावे. टॅनिनमुळे पाणी किंचित आम्ल होते आणि काही प्रकारची बुरशी व जिवाणू आटोक्यात राहण्यास मदत होते. मुंबईचे पाणी मृदू असल्यामुळे पाने फार झाली तर पीएच अधिक घसरू शकतो. तो ६ च्या खाली जाऊ लागल्यास पाने काढून घ्यावीत, कारण एवढ्या आम्ल पाण्यात फिल्टरमधल्या जिवाणूंचे काम मंदावते.

वनस्पती कोणत्या आणि कशा लावाव्यात

कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आणि प्रखर दिवे न लावता वाढणाऱ्या वनस्पतीच निवडाव्यात. पश्चिम घाटात मूळ असलेली, लाल पानांची रोटाला मॅक्रान्ड्रा पाहून मोह होणे स्वाभाविक आहे, पण तिला प्रखर प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही लागतात. मंद प्रकाशात ती खालून कुजत जाते.

आपल्या टाकीसाठी जावा फर्न, अनुबियास नाना, क्रिप्टोकोरिन, जावा मॉस आणि एखादी तरंगती वनस्पती एवढा संच पुरेसा आहे. जावा फर्न आणि अनुबियास यांना आडवा, जाडसर कंद असतो. तो वाळूत पुरला तर काही आठवड्यांत कुजतो, हे नवख्यांच्या हमखास लक्षात येत नाही. म्हणून या दोन्ही वनस्पती काळ्या सुती दोऱ्याने लाकडाला किंवा दगडाला बांधाव्यात. दोरा कुजून जाईपर्यंत मुळांनी स्वतःची पकड घेतलेली असते. अनुबियासचे एक रोप लाकडाच्या वरच्या टोकाला, पृष्ठभागापासून सात-आठ सेंटिमीटरवर येईल असे बांधावे. त्याच्या रुंद, घट्ट पानांवर बेटा रात्री अंग टेकून विसावतो आणि तिथून हवेसाठी वर येणे त्याला सोपे जाते.

क्रिप्टोकोरिन मात्र वाळूत लावायचे. कुंडीतून काढून मुळांभोवतीचा कापूस पूर्ण सोडवावा, मुळे दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत कापावीत आणि लांब चिमट्याने तिरके खुपसून मग किंचित वर ओढावे, म्हणजे मुळे खाली पसरतात आणि पानांचा बुंधा वाळूच्या वर राहतो. शेजारी एक रूट टॅब दाबावा. लागवडीनंतर दहा-पंधरा दिवसांत त्याची पाने पारदर्शक होऊन विरघळू लागतात. त्या वेळी रोप उपटून टाकू नये. पाणी बदलल्यावर ही वनस्पती जुनी पाने टाकते आणि मूळ शाबूत असेल तर काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. कुजलेली पाने तेवढी कात्रीने काढत राहावीत.

लागवड करताना टाकीत केवळ वाळू भिजेल एवढेच पाणी असावे आणि हातात फवारणीची बाटली ठेवून पाने सतत ओली ठेवावीत. लागवड पूर्ण झाल्यावर वाळूवर एक ताटली ठेवून तिच्यावर पाणी सावकाश ओतावे, म्हणजे वाळू उकरली जात नाही. तरंगत्या वनस्पतीसाठी सालविनिया चांगली, कारण तिच्याखाली सावली पडते आणि नर बेटा तिच्या आधाराने फेसाचे घरटे बांधतो. मात्र ती झपाट्याने पसरते. दर आठवड्याला उपसून पृष्ठभागाचा निदान अर्धा भाग मोकळा ठेवावा, नाहीतर माशाला हवेपर्यंत पोहोचायला जागा उरत नाही आणि खालच्या झाडांना प्रकाश मिळत नाही.

दिवा पहिल्या महिन्यात रोज सहा तास आणि पुढे सात ते आठ तास पुरे. साध्या टायमरवर तो लावल्यास वेळ चुकत नाही. द्रवरूप खत बाटलीवरच्या मात्रेच्या अर्धेच, तेही आठवड्यातून एकदा द्यावे, आणि ते तांबेयुक्त शेवाळनाशक नाही याची खात्री करून घ्यावी.

मासा नसलेला महिना

आता टाकी भरलेली आहे, झाडे हिरवी आहेत, पाणी निवळलेले आहे, आणि तरीही मासा आणायचा नाही. या महिन्यात फिल्टरच्या स्पंजात, वाळूत आणि पानांवर दोन प्रकारचे जिवाणू स्थिरावत असतात. पहिले अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. तेही माशाला विषारीच असते. दुसरे नायट्राइटचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात. नायट्रेट बरेच कमी घातक असून वनस्पती ते अन्न म्हणून शोषतात. हे जिवाणू तयार होण्यासाठी त्यांना अमोनिया मिळायला हवा, म्हणून माशाच्या खाद्याचे दोन-तीन दाणे एक दिवसाआड टाकीत टाकून कुजू द्यावेत. अ‍ॅक्वासॉइल वापरले असेल तर त्याची गरज नाही. तिथे उलट पहिले दोन आठवडे दर तीन-चार दिवसांनी अर्धे पाणी बदलावे लागते.

आठवड्यातून दोनदा चाचणी करून आकडे वहीत लिहावेत. आधी अमोनिया वाढतो, मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट वाढतो, शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागतो. दाणे टाकल्यानंतरही सलग आठवडाभर अमोनिया आणि नायट्राइट शून्य राहिले, की टाकी तयार झाली असे मानावे. याला साधारणपणे तीन ते सहा आठवडे लागतात. हे जिवाणू कोमट पाण्यात वेगाने वाढतात, त्यामुळे मुंबईच्या हवेत थंड प्रदेशांपेक्षा हे काम लवकर होते. एखाद्या मित्राची निरोगी माशांची जुनी टाकी असेल तर तिचा स्पंज आपल्या टाकीत पिळून घ्यावा. त्याने ही प्रतीक्षा बरीच कमी होते.

एका गोष्टीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. मासा नसलेल्या, संथ, स्वच्छ पाण्यात एडिस डास आनंदाने अंडी घालतो आणि मुंबईच्या उष्म्यात आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणून या महिन्यात झाकणाच्या फटींवर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवावी आणि रोज टॉर्च लावून पृष्ठभागाखाली लटकणाऱ्या अळ्या आहेत का ते पाहावे. दिसल्यास जाळीने काढाव्यात.

मासा निवडणे आणि सोडणे

दुकानात पेल्यांच्या रांगेसमोर दोन मिनिटे शांत उभे राहावे. बोट जवळ नेल्यावर जो मासा वळून पाहतो, पर पसरतो, तो घ्यावा. पर चिकटवून तळाशी पडलेला, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके किंवा सोनेरी धुळीसारखी झाक असलेला, फुगलेल्या पोटाचा किंवा वर उभ्या राहिलेल्या खवल्यांचा मासा दयेपोटीही घेऊ नये. लहान परांचा प्लाकाट प्रकार अधिक चपळ असतो आणि त्याचे पर फारसे फाटत नाहीत. पहिल्या टाकीसाठी मला तोच पसंत आहे. टाकीत एकच मासा ठेवावा. दोन नर एकमेकांना मरेपर्यंत चावतात आणि मादीला कायम नरासोबत ठेवणे तिच्यासाठी जीवघेणे ठरते. सोबतीला एखादी नेराइट गोगलगाय चालेल.

खरेदी सकाळी करावी. दुपारच्या लोकलच्या गर्दीत आणि उन्हात पिशवीतले पाणी लवकर तापते. पिशवी कागदात गुंडाळून न्यावी. घरी आल्यावर दिवा बंद करून ती तशीच पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग दर पाच मिनिटांनी टाकीतले अर्धी वाटी पाणी पिशवीत घालत जावे. अर्ध्या तासाने मासा हलकेच जाळीने टाकीत सोडावा आणि पिशवीतले पाणी बेसिनमध्ये ओतावे. पहिल्या दिवशी खायला देऊ नये.

खाणे

बेटा मांसाहारी आहे. निसर्गात तो कीटक आणि त्यांच्या अळ्या खातो. त्यामुळे माशांचे किंवा कीटकांचे प्रथिन पहिल्या क्रमांकाला लिहिलेले बारीक दाणेदार खाद्य निवडावे. त्याचे पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढे असते. दिवसातून दोनदा दोन ते तीन दाणे आणि आठवड्यातून एक दिवस उपास, एवढे त्याला पुरते. दुकानात मिळणारे जिवंत ट्युबिफेक्स किडे मी टाळतो, कारण ते घाण पाण्यात वाढलेले असतात. त्याऐवजी गोठवलेल्या रक्तकृमींचा (एक प्रकारच्या लाल अळ्यांचा) अथवा आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जिवांचा छोटा तुकडा आठवड्यातून एकदा द्यावा.

दर आठवड्याचे काम

दर आठवड्याला पाव भाग पाणी, म्हणजे दीड फुटी टाकीसाठी सुमारे सात लिटर, सायफनने वाळूच्या वरचा गाळ ओढत काढावे. तेवढेच, त्याच तापमानाचे, अँटी-क्लोरीन घातलेले पाणी सावकाश भरावे. काढलेले पाणी नायट्रेटयुक्त असते, ते बाल्कनीतल्या तुळशीला आणि मनीप्लांटला उत्तम. महिन्यातून एकदा स्पंज याच काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळावा. नळाखाली धुतल्यास क्लोरीनने जिवाणू मरतात आणि महिन्याभराची मेहनत वाया जाते. टाकीत हात घालण्यापूर्वी ते साबण न लावता नुसत्या पाण्याने धुवावेत. शेवाळ वाढले तर औषध टाकण्याआधी दिव्याचा एक तास आणि खाद्याचे दोन दाणे कमी करून पाहावे.

मासा सुस्तावला, परांच्या कडा झिजू लागल्या, तर पहिले काम चाचणीचे आणि दुसरे पाणी बदलण्याचे. बहुतेक वेळा दोष पाण्यातच सापडतो. मिठाचा उपचार करायचा झाल्यास मासा वेगळ्या भांड्यात हलवून करावा, कारण मिठाने वनस्पती खचतात.

मुंबईचे ऋतू

२५ ते २८ अंश सेल्सिअस हे बेटाला मानवणारे तापमान मुंबईच्या घरात बहुतेक महिने आपोआप मिळते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आणि एअर कंडिशनरच्या खोलीत मात्र पाणी २४ अंशांच्या खाली जाऊ शकते, तिथे ५० वॅटचा थर्मोस्टॅट असलेला हीटर लावावा. मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर गेल्यास दिवा सकाळी लवकर आणि संध्याकाळी अशा दोन पाळ्यांत लावावा आणि झाकणाऐवजी जाळी बसवून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा. आपली हवा दमट असल्यामुळे बाष्पीभवनाने येणारा गारवा कोरड्या गावांइतका मिळत नाही, तरी एक-दोन अंशांचा फरक पडतो. टाकीत थेट बर्फ टाकू नये, अचानक बदल उष्णतेपेक्षा घातक ठरतो.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येऊ लागले की पाणी बदलणे दोन-तीन दिवस पुढे ढकलावे. याच दिवसांत गल्लोगल्ली धूरफवारणी होते. डास मारणारी बहुतेक औषधे पायरेथ्रॉइड वर्गातली असतात आणि ती माशांना अत्यंत विषारी आहेत. फवारणीच्या गाडीचा आवाज आला की खिडक्या बंद कराव्यात, एअर पंप थांबवावा, कारण तो खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो, आणि टाकीवर ओला टॉवेल टाकावा. हवा मोकळी झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने पंप पुन्हा सुरू करावा. बेटा हवेतून श्वास घेत असल्यामुळे तेवढा वेळ त्याला त्रास होत नाही, मात्र पृष्ठभाग आणि टॉवेल यांच्यात हवेची जागा राहिली पाहिजे. टाकी ठेवलेल्या खोलीत मच्छर अगरबत्ती किंवा विजेवरचे लिक्विड लावू नये. घरात पेस्ट कंट्रोल असेल तर टाकी झाकून, पंप बंद ठेवून, काम झाल्यावर खोली पूर्ण हवेशीर करावी.

छाटलेली सालविनिया आणि इतर वनस्पती वाळवून मगच कचऱ्यात टाकाव्यात. पवई तलावात, मिठी नदीत, विहिरीत किंवा नाल्यात वनस्पती अथवा मासा सोडू नये. जलपर्णीने तलावांची काय अवस्था होते हे पवईला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

गणपतीला गावी जाताना

प्रौढ, निरोगी बेटा चार-पाच दिवस न खाता व्यवस्थित राहतो. तेवढ्यासाठी कुणाला चावी देण्याची गरज नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदलावे, कुजकी पाने काढावीत, दिवा टायमरवर सहा तासांवर आणावा आणि एअर पंप सुरू ठेवावा. आठवड्याहून अधिक मुक्काम असेल, तर शेजारच्या काकूंकडे खाद्याचा डबा देऊ नये. प्रेमाने घातलेले मूठभर दाणेच टाकी बिघडवतात. त्याऐवजी प्रत्येकी तीन दाण्यांच्या कागदी पुड्या करून त्यांवर वार लिहून द्याव्यात आणि एक दिवसाआड एक पुडी, एवढेच सांगावे. पाणी बदलण्याची विनंती कुणालाही करू नये. परतल्यावर सामान उतरवण्याआधी अमोनियाची चाचणी करावी, गरज असल्यास पाव भाग पाणी बदलावे आणि त्या दिवशी माशाला दोनच दाणे द्यावेत.